पालथा अनारसा

“मग माझा अनारसा का हसतो, तेवढं सांगा, बुवा.”

रंभाजीबुवांचे हात थांबले नाहीत. मांडीवर सूप, सुपात तांदूळ. डोळ्यांना अकरा वर्षांपासून काही दिसत नव्हतं, पण बोटं खड्याशी बरोबर थांबत होती.

“कशात हसतो? तुपात?”

“तूप नाहीच घालत मी. एअर फ्रायरमध्ये.”

“ते काय असतं?”

वल्लरी पिंगळे ह्याच प्रश्नाची वाट बघत होती.

कढईत पडल्या पडल्या अनारसा फुटून विस्कटला, की बायका म्हणतात, अनारसा हसला. तो हसला की करणारीला रडू येतं. वल्लरीला मात्र राग आला होता. तिच्या यंत्रात नानकटाई झाली होती, करंज्या झाल्या होत्या, शंकरपाळे, बालुशाही, गुलाबजाम... मोजून नव्व्याण्णव गोड पदार्थ. तिचे व्हिडिओ बघून घराघरांतल्या बायका ते करत होत्या. पुस्तक तयार होतं. ‘तुपाविना शंभर गोड पदार्थ’. शंभरावा अनारसा. आणि सात घाणे वाया गेले होते.

कुणीतरी सांगितलं, अनारसा विचारायचा तर गोदाकाठच्या कवडगावच्या मठात जा. म्हणून ती नाशिकहून गाडी घेऊन आली होती. डिकीत यंत्र, आणि स्वतः भिजवलेल्या पिठाचा डबा.

तिने यंत्राबद्दल सगळं सांगितलं. तेल नको, कढई नको, धूर नाही. आत पंखा, गरम वारा गरागरा फिरतो. बुवा रागावतील, ‘हे कसले अनारसे’ म्हणतील, असं तिला वाटलं होतं. त्याची उत्तरंही तिच्याकडे तयार होती.

बुवांनी सूप बाजूला ठेवलं.

“वाऱ्यावर शिजतं?”

“हो.”

“वाऱ्यावर!” बुवांचा चेहरा उजळला. “गयाबाई, ऐकलं का? वाऱ्यावर अनारसे!”

तिची सगळी उत्तरं तशीच राहून गेली.

गयाबाई दारात उभ्या होत्या. मठाचं स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात. वयाने बुवांपेक्षा वीस वर्षांनी लहान, पण भांड्याकुंड्यांच्या बाबतीत त्यांच्या शब्दापुढे बुवांचंही चालत नसे.

“ऐकलं,” त्या म्हणाल्या. “तुमी बसल्या जागी बसा.”

मग वल्लरीकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, “त्यांना आगीजवळ नेऊ नका, ताई. माझी शपथ हाय त्यांना.”

बुवांच्या उजव्या हाताची बाही वर सरकलेली होती. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी चुरगळल्यासारखी झाली होती.

अकरा वर्षांपूर्वी असाच अधिक महिना होता. नजर गेलेली बुवांनी कुणाला सांगितली नव्हती. अंदाजाने अनारसे सोडत होते. झारा समजून कढईचा कान धरला आणि तूप हातावर सांडलं. गयाबाईंनी त्यांना ओढून बाहेर काढलं, भट्टीवर घागर ओतली, आणि शपथ घातली: पुन्हा आगीजवळ जायचं नाही. त्या दिवसापासून मठात अनारसे झाले नव्हते. अधिक महिना पेढ्यांवर भागत होता.

“पीठ आण,” बुवा म्हणाले.

वल्लरीने डबा पुढे केला. बुवांनी चिमूट घेतली, हुंगली, दोन बोटांत चोळली.

“तांदूळ तीन दिवस भिजवलास?”

“तीन दिवस. रोज पाणी बदलून.”

“सावलीत वाळवलेस?”

“सावलीतच.”

“गूळ किसून घातलास, मिक्सरातून नाही.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“पीठ चांगलंय,” बुवा म्हणाले. “पिठाचा दोष नाही.”

वल्लरीची मान ताठ झाली. म्हणजे आपलं बरोबरच होतं.

यंत्राला लागणारं प्लगचं ठिकाण एकच होतं, धान्याच्या कोठीत. पोत्यांच्या मधोमध एक लाकडी पेटी ठेवून त्यावर यंत्र बसवलं. गयाबाईंनी बुवांचा पाट चार हात लांब टाकला आणि स्वतः मध्ये उभ्या राहिल्या.

“डब्यात किती पीठ?” बुवांनी विचारलं.

“वीस होतील.”

“कर तुझ्या रीतीनं. मी ऐकतो.”

वल्लरीने चार अनारसे थापले. खसखशीची बाजू वर. आई करायची तसे, आजी करायची तसे. यंत्राच्या टोपलीतल्या जाळीवर मांडले. एकशे साठ डिग्री, दहा मिनिटं. बोट लावलं. टुक्.

पंखा घुमू लागला.

बुवा पाटावर पुढे वाकले. मान कलती.

“हे काय वाजतंय?”

“पंखा.”

“पंखा नव्हे. त्याच्यात बारीक... पत्र्यावर वाळू पडल्यागत.”

वल्लरीने कान दिला. तिला पंखाच ऐकू आला.

थोड्या वेळाने बुवा म्हणाले, “उघड. जळली.”

“अजून सहा मिनिटं आहेत, बुवा.”

“घड्याळात.”

“रेसिपी तशीच आहे.”

“बरं.”

आकडे उतरत होते. पाच... चार... मग कडवट वास तिच्याही नाकात शिरला. तिने घाईने टोपली ओढली.

अनारसे टकले झाले होते. खसखस वाऱ्याने उडून वर तापलेल्या तारेला चिकटून काळी पडली होती. पीठ हसून जाळीच्या भोकांतून खाली ओघळलं होतं.

चार गेले. सोळा उरले.

“आठव्यांदा,” वल्लरी म्हणाली.

“खसखस उडाली ना?”

“हो.”

“म्हणजे वाळू नव्हती.” बुवांना त्याचाच आनंद झाला होता. “आता सांग. आग कुठंय?”

“आग नसते ह्यात...”

“ऊब येते कुठून?”

“कॉइलमधून. वरून.”

“वरून?”

“हो. कॉइल वर, पंखा वर. वारा खाली येतो.”

बुवा पाटावर सरळ बसले.

त्यांनी डावा तळहात समोर धरला, आकाशाकडे तोंड करून. मग उजव्या हाताची बोटं त्याच्याखाली नेली आणि जाळासारखी हलवली. कढई. खाली आग, वर खसखस.

मग उजवा हात सावकाश वर नेला. बोटं आता तळहाताच्या वर हलत होती.

वल्लरी त्या बोटांकडे बघत राहिली.

बुवांनी डावा हात पालथा केला.

“अरे देवा!” वल्लरी उठूनच उभी राहिली. “खसखस खाली! खसखस खाली घालायची!”

“आग जिकडं असेल तिकडं खसखशीनं पाठ करायची. कढईत खाली होती, म्हणून आपण वर घालत आलो.”

“पण अनारसा कुणी पालथा...” ती थांबली. “बुवा, मला वाटलं होतं तुम्ही म्हणाल, जुनं ते सोडू नका.”

“मी कुठं सोडलं?”

वल्लरी भराभर थापू लागली. हाताला घाई सुटली होती.

“खाली जाळी नको, ओघळेल,” बुवा म्हणाले. “गयाबाई, केळीचं पान. आणि वाटीत तूप.”

वल्लरीचे हात थांबले.

“तूप नाही, बुवा.”

“मठात हाय की.”

“तसं नाही. माझ्या पुस्तकाचं नावच आहे, तुपाविना. नव्व्याण्णव पदार्थ मी एका थेंबाशिवाय केलेत.”

“मग तुझं पीठ हसणार. त्याला वरून धरायला कोण हाय?”

“मग नाव खोटं पडेल.”

“कुणाचं? तुझं का अनारशाचं?”

...

गयाबाई पान आणि वाटी घेऊन आल्या. वल्लरीने वाटीकडे पाहिलं. नव्व्याण्णव वेळा तिने कॅमेऱ्यासमोर रिकामे हात दाखवले होते. ‘बघा, एक थेंबही नाही.’ लोक टाळ्यांची चित्रं पाठवायचे.

तिने बोट तुपात बुडवलं.

“एवढं?”

“पापणी भिजावी एवढं. वरून फिरव.”

चार अनारसे पानावर पालथे पडले. टोपली आत गेली. टुक्.

मिनिटभरात आत फडफड झाली.

“पान!” बुवा ओरडले.

वल्लरीने टोपली ओढली. पानाची कड वाऱ्याने उचलली होती आणि दोन अनारशांवर पांघरुणासारखी पडली होती. ते दोन्ही पानाला चिकटून लगदा झाले होते. पण उरलेले दोन... त्यांच्या अंगावर बारीक बारीक भोकं उमटू लागली होती.

“जाळी!” वल्लरी किंचाळली. “बुवा, जाळी पडतीये! खरी जाळी!”

“बोंबलू नको, आत सार! गार होतंय!”

तिने पानाची कड कातरून टोपली आत ढकलली. दोनच अनारसे, पण झाले. कडेला थोडे फिके, मध्ये बदामी. एक गयाबाईंनी खाल्ला, एक तिने.

“गरमच हाय अजून,” गयाबाई म्हणाल्या. बोटाला लागलेली खसखस मात्र त्यांनी चाटून घेतली.

बारा उरले.

ह्या वेळी पान अनारशाएवढंच कापलं, बाहेर कड नाही. डिग्री दहाने उतरवली. वल्लरीने टोपली आत सारली आणि सवयीने आकड्यांवर नजर लावली.

“तिकडं कशाला बघतीस?” बुवा म्हणाले. “अनारसा तिकडं नाही.”

“आत दिसत नाही, बुवा. झाकलेलं असतं. उघडलं की थांबतं.”

“म्हणजे ह्याच्यापुढं तू पण आंधळी?”

वल्लरीने आकड्यांवरून नजर काढली.

“मग डोळे मीट की. उगी ताणून काय उपयोग?”

तिने डोळे मिटले.

आधी ओल्या तांदळाचा वास आला. मग काहीच नाही. मग गुळाचा, हलकासा.

“आता?” तिने विचारलं.

“आता गूळ जागा होतोय.”

वास दाट झाला. त्यात तूप मिसळलं.

“आता?”

“थांब...”

पंखा घुमत होता. गयाबाईही पुढे सरकल्या होत्या.

वासाची धार बदलली. कशी ते तिला सांगता आलं नसतं. पण तिचा हात आपोआप टोपलीच्या दांड्याकडे गेला, आणि त्याच क्षणी बुवा म्हणाले,

“आत्ता!”

चारही अनारसे. गोल, लालसर, अंगभर जाळी. उलटले तर खाली खसखस पांढरीशुभ्र, एकही कण हललेला नाही.

वल्लरीने एक अनारसा पानासकट बुवांच्या हातावर ठेवला. बुवांनी तो कानाशी नेला आणि मोडला.

कुर्रर्र.

तिघांनी तुकडे खाल्ले. बाहेरून कुरकुरीत, आत जिभेवर विरघळणारा.

“किती मिनिटं झाली?” वल्लरीने एकदम विचारलं. “मी बघितलंच नाही!”

बुवा हसत सुटले. हसता हसता त्यांना ठसका लागला. गयाबाईंनी पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले.

मग म्हणाले, “पोरी, त्याच्यात आग हाय का?”

वल्लरीला प्रश्नामागचा प्रश्न कळला. तिने गयाबाईंकडे पाहिलं. मग म्हणाली, “नाही, बुवा. जाळ नाही, उकळतं काही नाही. आग नाहीच म्हणा.”

“खोटं कशाला बोलतीस माझ्यासाठी?” बुवा म्हणाले. “आग हाय. वर हाय. तूच सांगितलंस.”

ते पाटावरच राहिले. उठले नाहीत. फक्त त्यांचे हात, मांडीवर, हवेत काहीतरी थापत होते. बारीकशी गोळी, बोटांनी दाब, कडेने फिरव...

गयाबाई त्या हातांकडे बघत होत्या.

मग त्यांनी पदराला हात पुसला आणि यंत्राच्या अंगावर ठेवला. वर, बाजूला, मागे. मागून गरम वारा यायचा तिथे जरा जास्त वेळ.

“एवढंच तापतं?” त्यांनी विचारलं.

“बाहेरून एवढंच,” वल्लरी म्हणाली. “आत हात घालायचा नाही. टोपली दांड्याला धरून ओढायची.”

“आणि हात सुटला तर?”

“टोपली खाली पडेल. अनारसे पडतील.”

“सांडेल काय?”

“सांडायला काही नाहीच.”

गयाबाईंनी यंत्रावरचा हात काढला. बुवांजवळ गेल्या. त्यांच्या भाजलेल्या मनगटाला धरून त्यांनी त्यांना उठवलं, चार हात चालवत आणलं, आणि त्यांचा तळहात त्या कोमट पत्र्यावर ठेवला.

“शपथ सुटली, बुवा,” त्या म्हणाल्या. आणि वळून पोत्यांकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

...

बुवांनी यंत्र आधी चाचपून घेतलं. कडा, दांडा, मागची जाळी. नवीन वासराच्या अंगावरून हात फिरवावा तसा हात फिरवला. मग वरची काच.

“बटण कुठंय?”

वल्लरी बघतच राहिली.

बटण नव्हतंच. गुळगुळीत काच, तिच्यावर उजेडाचे आकडे. बोटाला लागेल असं काही नाही. डोळस माणसासाठी ह्याहून सोपं काही नव्हतं. नव्व्याण्णव पदार्थांत तिला हे कधी दिसलं नव्हतं.

“मी दाबते ना, बुवा. तुम्ही नुसतं सांगा.”

बुवांचा चेहरा जरासा उतरला.

“तसंही चालेल,” ते म्हणाले.

वल्लरीने त्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग कपाळावरची टिकली काढली आणि काचेवर, बरोबर जिथे बोट लावायचं तिथे, चिकटवली. त्यांचं बोट धरून तिथे नेलं.

बुवांनी दाबलं.

टुक्. पंखा घुमला.

“अगं!” बुवा लहान मुलासारखे म्हणाले. पुन्हा दाबलं. टुक्. पंखा थांबला. “अगं, हे ऐकतंय माझं!”

“डिग्रीला अजून एक लागेल,” वल्लरी म्हणाली. गयाबाईंनी पाठमोऱ्या उभ्या असतानाच कपाळाकडे हात नेला आणि आपलीही टिकली काढून दिली.

पुढचे दोन घाणे बुवांनी केले.

पिठाला केळ्याचा एवढासा तुकडा लावून त्यांनी ते मळलं. अनारसे थापताना बोटं कुठे थांबली नाहीत. पालथे घातले. वरून तूप फिरवलं. यंत्राच्या मागे तोंड नेऊन उभे राहिले, मान कलती, डोळे मिटलेले, जणू उघडे असते तर अडचण झाली असती.

“हं... हं... आता तांदूळ... आता गूळ... पोरी, तुझा पंखा गुळाला लवकर उठवतो! कढईत इतका लवकर उठत नसे!... थांब, थांब... आत्ता!”

टोपली त्यांनीच ओढली.

वल्लरीने आजवर असे अनारसे कुठे पाहिले नव्हते. आपल्या यंत्रात तर नाहीच. ह्या वेळी तिने मिनिटंही पाहिली होती. पहिल्या घाण्याला सात. दुसऱ्याला बुवांनी जरा जाड थापले होते, त्याला नऊ.

तिने मोबाइल काढला, वहीचं पान उघडलं.

“बुवा, पुस्तकात काय लिहू? सात का नऊ?”

बुवांनी तिचा हात धरला आणि यंत्राच्या मागच्या जाळीपाशी नेला. पंखा थांबला होता, तरी आतून शेवटची ऊब येत होती. तांदळाची, गुळाची, तुपाची.

“हे लिही.”

“हे कसं लिहायचं?”

बुवा दांड्यावर हात ठेवून उभे होते, आणि हात काढायला तयार नव्हते.

वल्लरीने मोबाइल खिशात टाकला. डिकीतून यंत्राचं खोकं आणायला ती दारापर्यंत गेली, आणि रिकाम्या हातानेच परत आली.

“हे इथंच राहू दे, गयाबाई,” ती म्हणाली. “मी दुसरं घेईन.”

गयाबाईंनी डोळे पुसून ताट मांडलं होतं. पीठ संपलं होतं. त्यांनी ताटातले अनारसे मोजले, पुन्हा मोजले.

“अकराच झाले, बुवा. अधिकातल्या वाणाचे तेहेतीस तर सोडाच. मठात चाळीस माणूस हाय, वर गावातले. आता ह्यात कुणाकुणाला बोलवू?”

बुवांनी ताटावर हात धरला. अनारसे अजून गरम होते, त्यांचा वास बंद कोठीत कोंडला होता.

“कुणाला बोलवू नको,” ते म्हणाले. “कोठीचं दार उघड.”